लाकडी जिना दिवाळीनंतर करकरायला लागतो, तेव्हा काय करावं

पावसाळाभर गप्प असलेला जिना दिवाळी झाली की करकरायला लागतो. रात्री पाणी प्यायला कोणी खाली उतरलं तरी सगळ्या घराला कळतं. मग सुतार येतो, वरून चार स्क्रू पिळतो, जिना गप्प होतो आणि पुढच्या दिवाळीला पहिले पाढे पंचावन्न. ठाण्यात चरई, खारकर आळी, चेंदणी कोळीवाडा इथल्या जुन्या माळ्याच्या घरांत हे चालत आलेलंच आहे. पण नवी मुंबईत ऐरोली, कोपरखैरणे, नेरूळच्या रो-हाउसमध्ये लोखंडी सांगाड्यावर प्लायच्या पायऱ्या टाकलेले जिनेही काही कमी कुरकुरत नाहीत. दोन्हींची कारणं वेगळी, इलाज वेगळे. एकाचा इलाज दुसऱ्याला केला की पैसे जातात आणि आवाज राहतो.

लाकूड आपोआप आवाज करत नाही. काहीतरी कशावर तरी घासतं तेव्हा करकर होते: फळीवर फळी, फळीत खिळा, नाहीतर लोखंडावर फळी. घासतं कारण मध्ये फट पडलेली असते. पाय पडला की ती मिटते, पाय उचलला की उघडते. पावडर, मेण, तेल असल्या उपायांनी घासणं कमी होतं, फट जागच्या जागी राहते. म्हणून ते उपाय महिनाभरात विरतात.

फट दिवाळीनंतरच का पडते

लाकूड हवेतला ओलावा पितं आणि सोडतं. ठाण्याच्या पावसाळ्यात ते फुगतं, म्हणूनच जुलैमध्ये बाथरूमचं दार चौकटीत अडकतं. ऑक्टोबरची उन्हं लागली की ते सुकायला लागतं आणि उन्हाळ्यापर्यंत आकसत जातं. हे फुगणं-आकसणं फळीच्या लांबीत जवळजवळ होत नाही, रुंदीत होतं. दहा इंच रुंदीच्या सागाच्या पायरीतला ओलावा चार टक्क्यांनी उतरला, तर फळी कशी कापलेली आहे त्यावर रुंदी साधारण एक ते दोन मिलिमीटरने कमी होते. साग त्यातल्या त्यात शहाणा. दुसरी बरीच लाकडं याहून जास्त हलतात. आणि करकर व्हायला अर्धा मिलिमीटरही पुरतो.

खिळ्याचं दुखणं याच्या पुढचं. खिळा टिकतो तो भोवतीच्या रेषांनी त्याला आवळून धरलेलं असतं म्हणून. दर पावसाळ्यात लाकूड फुगून खिळ्यावर दाबलं जातं, त्या रेषा चेपतात. सुकलं की पकड पूर्वीइतकी उरत नाही. असे दहा-वीस पावसाळे गेले की खिळा आपल्याच भोकात खालीवर होऊ लागतो. जुन्या जिन्याच्या पायरीवर बॅटरी आडवी धरून बघा. काही खिळ्यांची डोकी किंचित वर आलेली दिसतील, ती घासून चकाकत असतील आणि भोवती काळसर कडं पडलेलं असेल. लोखंड ओलसर लाकडात गंजलं की असा डाग पडतो. काळं कडं आणि चकाकणारं डोकं दोन्ही एकत्र दिसलं, तर तो खिळा नुसता नावाला आहे असं समजा. त्याला हातोडीने आत ठोकून काही होणार नाही, त्याच ढिल्या भोकात तो परत जातो.

आणखी एक कारण आहे, ज्याकडे सुतारही सहसा बघत नाही, आणि माझ्या मते दरवर्षीच्या दुखण्याचं मूळ तेच आहे. पायरीचा वरचा भाग पॉलिश केलेला असतो, दोन-दोन हात दिलेले असतात. खालचा भाग कोरा. जिन्याखाली कोण बघतंय, म्हणून तिथे ब्रश फिरतच नाही. परिणाम असा की ओलावा वरून जवळजवळ जात-येत नाही आणि खालून हवा तसा जातो-येतो. पावसाळ्यात खालची बाजू आधी फुगते, उन्हाळ्यात आधी आकसते. एकाच फळीची एक बाजू ताणलेली, दुसरी नाही, म्हणजे फळी वाकणारच. पायरीवर सरळ पट्टी आडवी ठेवून बघितली तर मधे किंवा कडेला उजेड दिसतो. अशा वाकणाऱ्या पायरीला तुम्ही कितीही स्क्रू मारा, ती त्यांना दरवर्षी थोडं थोडं उपसत राहते.

यातून एक सोपी परीक्षा मिळते. आवाज ऋतूप्रमाणे बदलत असेल, पावसात बंद आणि नंतर सुरू, तर दोष अखंड लाकडाच्या आकसण्यात आहे. बाराही महिने सारखाच असेल, तर दोष जोडात किंवा सांगाड्यात आहे. प्लाय तिच्या उलटसुलट थरांमुळे रुंदीत फारशी हलत नाही. आणि आवाज पावसाळ्यातच वाढत असेल तर ओल कुठून येते ते आधी शोधा, सुतार नंतर.

हात लावण्याआधी

जाड स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पायऱ्यांच्या खालच्या बाजूला, विशेषतः बाजूच्या तिरक्या फळ्या भिंतीला किंवा जमिनीला जिथे टेकतात तिथे टोचून बघा. चांगल्या सागात टोक जेमतेम खरवडतं. सहज आत गेलं, ठोकल्यावर पोकळ वाजलं, किंवा भिंतीवरून मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या, तर वाळवी आहे. पिठासारखा भुसा आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगा. या दोन्हींत आवाजाचा विचार नंतरचा. तसंच पायरी डोळ्यांना दिसेल इतकी दबत असेल, आडवी तडकलेली असेल, किंवा बाजूची फळी भिंतीपासून सुटून बोट जाईल इतकी फट पडली असेल, तर त्या जिन्यावरचा वावर थांबवून जाणत्या सुताराला दाखवा.

जुन्या ठाण्यातल्या भाडेकरूंच्या इमारतींसाठी एक गोष्ट वेगळी. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते, त्यात सी-१, सी-२ए, सी-२बी आणि सी-३ असे वर्ग असतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. तुमची इमारत या दोन्हींपैकी एकात असेल तर जिन्याला फेविकॉल लावत बसू नका.

आवाज कुठे आहे ते शोधणं

अर्धं काम यात आहे, आणि बहुतेक लोक हेच गाळतात. कान इथे दगा देतो. बाजूची तिरकी फळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग असते, तिच्यातून आवाज धावतो आणि पाचव्या पायरीची करकर सातवीतून आल्यासारखी वाटते.

दोन माणसं लागतात. रात्री, पंखे आणि टीव्ही बंद करून. एकाने वर सावकाश चालायचं. पायरीवर उभं राहून वजन आधी पुढच्या कडेवर, मग मागे, मग डावीकडे, उजवीकडे टाकायचं. दुसऱ्याने जिन्याखाली बॅटरी आणि खडू घेऊन बसायचं आणि बोटाचं टोक जोडावर आडवं ठेवायचं, अर्धं बोट एका फळीवर, अर्धं दुसरीवर. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते. जिथे कळली तिथे खडूची खूण. मग जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद फटीत सरकवून बघा: किती आत जातो, किती घड्यांपर्यंत जातो. पाचर किती जाड करायची ते त्यावरून ठरतं.

आवाजाच्या जातीवरूनही बरंच कळतं. लांबट करकर असेल तर लाकडावर लाकूड. पाय उचलताना एकदाच टक्क होत असेल तर बहुधा खिळा किंवा ढिला स्क्रू. बारीक चूंचूं लोखंडी सांगाड्याची. पोकळ धप्प असा आवाज आला तर सिमेंटच्या पायरीवर बसवलेली फळी खालून सुटली आहे.

आमच्या ओळखीच्या एका आजींना त्यांच्या घरच्या जिन्याची दुरुस्ती मुळीच नको होती. ‘कोण कधी आलं ते मला झोपेत कळतं रे, राहू दे तो,’ म्हणायच्या. नातवंडं रात्री उशिरा यायची त्या काळात. यावर इलाज नाही, आणि करूही नये.

जुना सागवानी जिना

या जिन्यांत पायऱ्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्यांच्या खाचांत बसवलेल्या असतात, पुष्कळदा खालून पाचरी मारून. पायरीच्या मागे उभी फळी असते किंवा नसतेच. बरं यात हे, की खालची बाजू उघडी असते. दुरुस्ती खालूनच करायची. वरून मारलेला प्रत्येक स्क्रू म्हणजे पॉलिशला भोक आणि पाण्याला वाट.

आधी सफाई. फटीत वर्षांची धूळ, जुनं सरस, केर साचलेला असतो, आणि धुळीवर फेविकॉल धरत नाही. पातळ पात्याने खरवडून, ब्रश मारून, व्हॅक्यूम असेल तर तो लावून फट मोकळी करा. कुणी आधी तेल किंवा फवारा मारून ठेवला असेल तर तिथे डिंक धरणारच नाही. तो भाग पॉलिशपेपरने कोऱ्या लाकडापर्यंत घासावा लागतो. म्हणून म्हणतो, जिन्यात तेल घालू नका. खोबरेल तर नकोच, धूळ धरतं आणि मुंग्या येतात ते वेगळंच.

जुन्या पाचरी हलत असतील तर काढून टाका. नव्या सागाच्या किंवा कोणत्याही सुक्या कठीण लाकडाच्या, लांब आणि निमुळत्या करा. फेविकॉल लावून हाताने बसतील तेवढ्या दाबा आणि वर हातोडीचे एक-दोन हलके टोले. इथे हात राखावा लागतो. उन्हाळ्यात फट सगळ्यात मोठी असते. त्या वेळी पाचर ठासून बसवली आणि जूनमध्ये पायरी फुगली, की तिला जायला जागा उरत नाही आणि खाचेची कड चिरते. बाहेर उरलेलं टोक डिंक सुकल्यावर करवतीने कापा.

पायरी आणि तिच्या खालची उभी फळी यांच्या काटकोनात, आतल्या बाजूने, लाकडी ठोकळे लावा. दीड इंच बाय दीड इंच, तीन-चार इंच लांब, एका पायरीला दोन किंवा तीन. दोन्ही चिकटणाऱ्या बाजूंना फेविकॉल, जागेवर थोडं मागेपुढे घासून बसवायचा म्हणजे हवा निघते, आणि मग स्क्रू. आठ नंबरचा स्क्रू सागात जायचा असेल तर आधी तीन मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर लाकूड फाटतं. स्क्रूची लांबी मोजून घ्या: ठोकळ्यातून जाऊन पायरीत अर्धा-पाऊण इंचच शिरला पाहिजे, वर टोक निघता कामा नये. अनवाणी पायांचं घर आहे आपलं. आटे मेणबत्तीवर घासून घेतले की स्क्रू सुरळीत जातो. स्क्रू पिळताना वर एकाने त्या पायरीवर उभं राहावं, म्हणजे फट मिटलेल्या स्थितीत जोड आवळला जातो.

काळे ड्रायवॉलचे स्क्रू वापरू नका. सुतारांच्या पेटीत तेच असतात कारण ते स्वस्त आणि धारदार, पण ते ठिसूळ असतात, हलत्या जोडात मानेशी तुटतात, आणि खाडीकाठच्या हवेत लवकर गंजतात. स्टेनलेस स्टीलचे घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात.

डिंक लावलेल्या पायरीवर चोवीस तास पाय नको. घरात एकच जिना असताना हे कसं जमायचं? एक सोडून एक पायरी घ्या. आज सम, दोन दिवसांनी विषम. बंद पायऱ्यांवर लाल टेप लावा, कारण रात्री झोपेत कुणाच्या लक्षात राहत नाही. लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर दोन पायऱ्यांची ढांग नकोच. त्यांची सोय तेवढे दिवस खाली करा.

मग शेवटी, सगळं सुकल्यावर, खालच्या बाजूला पॉलिश. दिसायला काही नको, नुसता सीलर आणि वर दोन हात वार्निश चालेल. पण पायरीचा खालचा पृष्ठभाग, मागची कड आणि जिथे उघडी असतील तिथे दोन्ही टोकं, यातलं काही कोरं राहू देऊ नका. टोकाच्या कापलेल्या बाजूने लाकूड सगळ्यात भराभर ओलावा ओढतं. हे केल्याशिवाय वरची सगळी मेहनत दोन पावसाळ्यांची पाहुणी. सुतार म्हणेल, ‘खाली कशाला साहेब, दिसत नाही.’ त्याला सांगा, दिसण्यासाठी नाहीच आहे.

खालून जाता येत नसेल तर

बऱ्याच घरांत जिन्याखाली कपाट केलेलं असतं, त्यात इन्व्हर्टर, गणपतीचं मखर, चपला. कपाटाची मागची प्लाय चार स्क्रूंवर असते, ती काढता येते का ते आधी बघा. बहुतेक वेळा येते. पीओपीने बंद केलेलं असेल तर मात्र वरून जावं लागतं.

वरून करताना पायरीखालच्या उभ्या फळीची जाडी जेमतेम पाऊण इंच असते आणि स्क्रू तिच्या मधोमध शिरला पाहिजे. पायरीच्या पुढच्या कडेपासून उभ्या फळीपर्यंतचं अंतर समोरून, कडेच्या खाली मोजा, त्यात फळीच्या जाडीचा अर्धा भाग मिळवा आणि तेवढ्यावर वर पेन्सिलची रेघ ओढा. रेघेवर दोन भोकं, एक डावीकडे कललेलं, एक उजवीकडे. तिरके स्क्रू एकमेकांविरुद्ध ओढतात म्हणून पायरी वर उचलली जात नाही. डोकं खोल बसेल अशी वाटी कोरा, आणि वर सागाची खुंटी डिंकात बसवून रंध्याने सपाट करा. निव्वळ लांबी (पुट्टी) भरली तर पॉलिशच्या पुढच्या हातात ती वेगळी दिसते.

लोखंडी सांगाड्यावरच्या पायऱ्या

इथे आधी पाना घ्या, डिंक नको. सांगाड्याला पायरी खालून बोल्टने धरलेली असते; रोजच्या हादऱ्यांनी नट ढिले होतात. नुसते आवळले तर परत ढिले होतील. स्प्रिंग वॉशर टाका किंवा आत नायलॉनची कडी असलेले लॉकनट लावा.

आवळूनही चूंचूं राहिली, तर लाकूड लोखंडावर घासतंय. बोल्ट काढा, पायरी उचला, अँगलवरचा गंज तारेच्या ब्रशने खरवडून रेड ऑक्साइड मारा, आणि मधे तीन मिलिमीटरची रबराची पट्टी घाला. नवी आणायची नसेल तर सायकलची जुनी ट्यूब उभी कापून दुहेरी घातली तरी काम होतं. या एका पट्टीने या जातीचे बहुतेक आवाज जातात.

तरीही पायरी मधे दबून आवाज करत असेल तर प्लाय पातळ आहे. तीन फूट रुंद जिन्यात नुसती १९ मिलिमीटरची प्लाय दोन कडांवर टेकवली, तर ती झोळ खाणारच. खाली मधोमध आडवा अँगल घ्या, किंवा दोन प्लाय एकावर एक चिकटवून जाडी ३८ मिलिमीटर करा. कडा फुगून थर सुटले असतील तर ती प्लाय दुरुस्त होत नाही, बदला, आणि बदलताना शिक्का बघा: आयएस ३०३ ही साधारण वापराची, आयएस ७१० मरीन. तळमजल्यावरच्या पहिल्या दोन-तीन पायऱ्यांना तरी मरीनच, फरशी पुसायचं पाणी तिथेच लागतं.

वेल्डिंगचा टाका तुटलेला दिसला तर फॅब्रिकेटरला बोलवा, पण वेल्डिंगआधी त्या भागातल्या लाकडी पायऱ्या उतरवून घ्या. ठिणगी कपाटातल्या कापडावर पडली की जिना बाजूला राहील.

सिमेंटच्या पायरीवर बसवलेली फळी धप्प वाजत असेल, तर खालच्या पट्ट्या सुटल्या आहेत. फळी उचलता आली तर उचलून पीयू ॲडेसिव्हने परत चिकटवा आणि वजन ठेवून रात्रभर सोडा. फुगणारा फोम फटीत मारू नका, तो फळी वर ढकलतो. भिंतीमागे बाथरूम असेल तर आधी तिथली गळती.

पाहुणे उद्या येणार असतील

तेव्हा टाल्कम पावडर. फटीत भुरभुरवा, पोस्टकार्डाने आत ढकला, पायरीवर दोन-चारदा चढउतर करा, वरची पावडर नीट पुसा. राहिली तर पाय घसरेल. गडद पॉलिशच्या जिन्यावर पावडरची पांढरी रेघ दिसते, तिथे पेन्सिलच्या शिशाची भुकटी चालते. साखरपुडा निभावून जाईल.

खरं काम मात्र फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. फटी पूर्ण उघडलेल्या असतात, लाकूड सुकं असतं, डिंक आणि पॉलिश नीट सुकतात. मे अखेरीस घाईने सुरू केलं तर वार्निशचा दुसरा हात पहिल्या सरीत सापडतो आणि पांढुरका पडतो. सुताराशी बोलताना मजुरी ठरवण्याआधीच तीन गोष्टी सांगून ठेवा: काम खालून, स्क्रू स्टेनलेसचे आणि आमच्या समोर भोक पाडून, आणि खालच्या बाजूला पॉलिश हिशोबात धरून. तिसरी ऐकून दर वाढवला तर वाढवू द्या.